अंगाला बांधलेली गोदी : सेल्युलोसोमची पार्श्वभूमी

शेणाने अंगण सारवताना बोटांना बारीक काड्या लागतात. गाईच्या पोटातल्या जंतूंना जे फोडता आले नाही ते हे, लिग्निन या कडक लाकडी द्रव्यात जखडलेले तण, म्हणजे गवत. बाकीचे तण गेले कुठे, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण ते फोडणारी एन्झाइमे जंतू पोटभर सोडून देत नाहीत, अंगालाच बांधून ठेवतात, हे उमगायला १९८३ साल उजाडले. आणि तेही गाईच्या पोटात उमगले नाही.

उमगले ते क्लॉस्ट्रिडियम थर्मोसेलम या जंतूत. त्याला ६० अंशांच्या आसपासची ऊब लागते, तापलेल्या खतात तो सुखाने राहतो. प्रश्न साधाच होता : हा सेल्युलोजला, म्हणजे वनस्पतींच्या भिंतीतल्या मुख्य तंतूला, चिकटतो कसा? न चिकटणारा एक वाण मिळवून दोघांची तुलना केली गेली. शोध एका चिकट प्रथिनाचा होता. हाती आले वीसेक लाख डाल्टन (रेणूंचे वजन मोजायचे एकक) भरणारे, डझनावारी प्रथिनांचे अवजड संकुल. त्यालाच सेल्युलोसोम म्हणतात.

त्याची रचना गोव्यातल्या मुरगाव बंदराची गोदी पाहिलेल्याला समजावून सांगावी लागत नाही. मधे एक लांब प्रथिन, त्यावर नऊ धक्के, म्हणजे कोहेसिन. प्रत्येक एन्झाइमाला धक्क्यात बसणारा खुंट असतो, तो डॉकेरिन. हे नावही गोदीवरूनच आलेले. कॅल्शियम काढून घेतले की खुंट पकड सोडतो. या लांब प्रथिनाच्या शेपटीला वेगळ्या जातीचा डॉकेरिन असतो आणि तो पेशीवरच्या नांगर-प्रथिनात अडकतो. थर्मोसेलममध्ये हा नांगर पेशीभित्तीला नुसता धरून असतो, दोराने बांधलेल्या बार्जसारखा. वाढ थांबत आली की बरीच संकुले सुटून द्रवात तरंगू लागतात. गुरांच्या पोटातल्या रुमिनोकॉकस फ्लेव्हफेशियन्समध्ये मात्र सॉर्टेज नावाचे एन्झाइम नांगराची शेपटी कापून ती भित्तीला सहसंयुज, म्हणजे पक्क्या रासायनिक, बंधाने जोडते. हे सरळ वेल्डिंगच. तणातून सुटणारी साखर शेजाऱ्यांच्या गर्दीत वाहून जाण्याआधी पदरात पाडायची, तर हे हवेच.

खरा घोळ आहे नावाचा. संकुलात झायलन आणि पेक्टिन ही वनस्पतीच्या भिंतीतली इतर द्रव्ये कापणारी एन्झाइमेही असतात, मग सेल्युलोसोम ठरवायचा कशावरून? जाणकारांनी खाद्य बाजूला ठेवून जोडणी धरली : कोहेसिन-डॉकेरिन नसेल तर सेल्युलोसोम नाही. मला हे पटते, पण याची किंमत मोजावी लागली. आर्किया या जिवाणूंहून वेगळ्या एकपेशीय गटातल्या, सेल्युलोजशी काही देणेघेणे नसलेल्या एका जीवाच्या जनुकसंचातही ही जोडी निघाली. म्हणजे जोडी हवीच, पण तेवढ्याने भागत नाही. उलट आपल्या मोठ्या आतड्यात मुबलक असलेले बॅक्टेरॉइड्स हे जंतू. त्यांची स्टार्च धरणारी प्रथिने मेदाच्या शेपटीने बाह्यपटलात रोवलेली असतात, आणि अर्धवट कापलेली साखळी आत ओढून उरलेले काम तिथे होते. ना धक्का, ना खुंट. तरी त्यांना ‘सेल्युलोसोमसारखे’ म्हणून मोकळे होणारे लेख वाचले की चीड येते. त्यात २०१५च्या सुमारास रुमिनोकॉकस ब्रोमीची भर पडली. गार भातातला सहज न पचणारा स्टार्च फोडणारा हा जंतू तीच कोहेसिन-डॉकेरिन जोडी वापरतो, पण त्याच्या संकुलाला ‘अमायलोसोम’ म्हणायचे ठरले. व्याख्या जोडणीची, नाव खाद्याचे! मग आधीचा काथ्याकूट कशासाठी?

माणसाच्या पोटात सेल्युलोज फोडणारा रुमिनोकॉकस २०१२मध्ये वर्णिला गेला. सेल्युलोसोमचे भाग त्याच्याकडेही सापडले. २०२४मध्ये त्याच्या आणखी भाऊबंदांची माहिती आली : शिकारी आणि ग्रामीण समाजांत, जुन्या सुकलेल्या विष्ठेतही ते बऱ्यापैकी आढळतात, शहरी पोटांत क्वचितच. त्यांतला एक गुरे माणसाळली तेव्हा गुरांकडून आपल्याकडे आला असावा, असा त्या अभ्यासाचा अंदाज आहे. गोव्यात डिचोलीकडच्या जुन्या घरांत गोठा आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये एकच मातीची भिंत असे, त्यामुळे मला त्याचे फारसे नवल वाटले नाही.