गोळी सुटते त्या एक सहस्रांश सेकंदात

हेरपटांमध्ये दोन गोष्टी हमखास घडतात. नायक पिस्तुलाला सायलेन्सर लावतो आणि 'फुस्स' एवढाच आवाज येतो. मग गोळी लागलेला खलनायक हवेत उडून काच फोडत मागे जाऊन पडतो. यातली दुसरी गोष्ट नववीच्या पुस्तकातल्या संवेग अक्षय्यतेच्या नियमानेच निकालात निघते. 9 मिलिमीटर व्यासाची गोळी साधारण 8 ग्रॅमची असते आणि वेग सेकंदाला सुमारे 350 मीटर, म्हणजे संवेग (वस्तुमान गुणिले वेग) 2.8 किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद. सत्तर किलोच्या माणसाच्या अंगात ती पूर्ण रुतली, तरी त्याला मिळणारा वेग सेकंदाला चार सेंटिमीटर. लोकल ट्रेनमध्ये याहून जोरात धक्के बसतात! शिवाय खलनायक उडणार असेल, तर तेवढाच संवेग उलट दिशेने झेलणारा नायकही उडायला हवा.

सायलेन्सरची गोष्ट जास्त मजेची आहे, पण त्यासाठी आधी पिस्तूल उघडून पाहावं लागतं. माझं आवडतं पिस्तूल म्हणजे वॉल्थर पी 38. 1938 साली जर्मन लष्कराने जुन्या लुगरच्या जागी ते स्वीकारलं. 1964 पासून अमेरिकन टीव्हीवर गाजलेल्या 'द मॅन फ्रॉम अंकल'मधल्या हेरांच्या हातात तेच होतं. नळीला जोड, खांद्याला टेकवायचा दस्ता, दुर्बीण असा सगळा साज चढवून.

काडतूस पेटलं की 9 मिलिमीटरच्या पिस्तुलात वायूचा दाब वातावरणाच्या दोन हजार पटींच्या वर जातो. रिकामं टरफल बाहेर फेकायला नळीचं मागचं तोंड उघडायला तर हवं, पण दाब असताना ते उघडलं तर टरफल फाटेल आणि तापलेला वायू नेमबाजाच्या तोंडावर येईल. वाफ जिरायच्या आत कुकरचं झाकण ओढलं तर जे होईल, तेच. फरक एवढाच की इथे वाट पाहायला एक सहस्रांश सेकंदसुद्धा मिळत नाही.

पी 38 मध्ये हे काम नळीच्या खाली बसवलेला पोलादाचा एक लहानसा ठोकळा करतो. त्याचे दोन कान दोन्ही बाजूंनी बाहेर येऊन स्लाईडच्या (पिस्तुलाच्या वरच्या, मागेपुढे सरकणाऱ्या भागाच्या) खाचांत बसतात आणि नळी व स्लाईड एकमेकांना जखडून टाकतात. गोळी पुढे निघाली की ही जोडी मिळूनच मागे सरकते. समजा जोडीचं वजन अर्धा किलो आहे. गोळी 8 ग्रॅमची, म्हणजे ती नळीत बारा सेंटिमीटर पुढे जाईपर्यंत जोडी जेमतेम दोन मिलिमीटर मागे येते. तेवढ्यात गोळी बाहेर पडलेली असते आणि दाब कोसळतो. जोडी आणखी काही मिलिमीटर सरकली की नळीच्या मागच्या बाजूची एक बारीक दांडी पिस्तुलाच्या सांगाड्यावर आपटते आणि ठोकळ्याला खाली ढकलते. कान खाचांतून सुटतात. नळी तिथेच थांबते, स्लाईड एकटी मागे जाते, टरफल उडवते आणि दोन स्प्रिंगांच्या जोरावर परतताना नवं काडतूस आत ढकलते. ना घड्याळ, ना सेन्सर. फक्त वजनांचं गुणोत्तर.

(यावरून 'जर्मन तंत्रज्ञानाला तोड नाही' छापाचे फॉरवर्ड कृपया पाठवू नका. युद्धाच्या शेवटी घाईने बनवलेल्या पी 38 वर कानशीचे ओरखडे तसेच राहिलेले दिसतात.)

आता या सरकत्या नळीला सायलेन्सर लावा. समजा त्याचं वजन पाव किलो. मागे सरकणारं वजन दीडपट झालं, वेग दोन-तृतीयांशावर आला आणि स्लाईडच्या वाट्याची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गात घटून निम्म्याहून कमी झाली. स्लाईड अर्ध्या वाटेत अडकू शकते. म्हणून अशा पिस्तुलांच्या सायलेन्सरमध्ये वेगळी स्प्रिंग घालतात. शिवाय गोळीचा वेग आवाजाच्या वेगापेक्षा, म्हणजे सेकंदाला 343 मीटरपेक्षा, जास्त असेल तर हवेत उठणारा कडाका सायलेन्सरला आवरता येत नाही. तो फक्त नळीच्या तोंडातून सुटणाऱ्या वायूला थोपवतो. 'फुस्स' विसरा.

जेम्स बाँडचं वॉल्थर पीपीके या बाबतीत सरस आहे. त्याची नळी सांगाड्यात पक्की बसवलेली. काडतूस कमी दाबाचं, त्यामुळे ठोकळ्याची गरजच नाही, स्लाईडचं वजन आणि स्प्रिंग पुरतात. 7.65 मिलिमीटरची गोळीही सहसा आवाजाच्या वेगाखालीच राहते. बाँडचा जनक लेखक इयन फ्लेमिंगने आधी बाँडला त्याहून चिमुकलं बेरेटा दिलं होतं. जेफ्री बूथरॉइड नावाच्या शस्त्रप्रेमी वाचकाने पत्र लिहून त्याची कानउघाडणी केली, तेव्हा 1958 च्या 'डॉ. नो' कादंबरीत पीपीके आलं आणि बाँडच्या शस्त्रागाराच्या प्रमुखाला या वाचकाचंच नाव मिळालं. 1962 च्या चित्रपटात मात्र पीपीके म्हणून जे दिसतं, ते त्याचं थोरलं भावंड पीपी आहे. 'फ्रॉम रशिया विथ लव्ह'च्या जाहिरातीच्या फोटोंत शॉन कॉनरीच्या हातात तर चक्क छऱ्यांचं एअर पिस्तूल आहे, कारण फोटो काढायच्या दिवशी खरं पिस्तूल पोचलंच नव्हतं. त्या एअर पिस्तुलाला 2010 साली लंडनच्या लिलावात पावणेतीन लाख पौंडांहून अधिक किंमत आली.

पी 38 चा ठोकळा पुढे इटलीच्या बेरेटा 92 मध्ये गेला आणि 1985 मध्ये एम 9 या नावाने अमेरिकन सैन्यात पोचला. 2017 मध्ये त्या सैन्याने निवडलेल्या नव्या पिस्तुलात मात्र वेगळा ठोकळा नाही. तिथे नळीच मागच्या टोकाला किंचित खाली झुकते आणि स्लाईडला मोकळं करते.