पवित्र भूमीला जायचंय? आधी दाखल्यावरचं नाव तपासा

जेरुसलेम, बेथलेहेम, नाझरेथ, गालील सरोवर. बेळगाव, खानापूर भागातल्या मंडळीत या सहलीचा विषय निघाला की पहिला प्रश्न खर्चाचा असतो. खरा अडथळा मात्र पेटीच्या तळाशी ठेवलेल्या कागदांत असतो. रविवारची उपासना आटोपली की चर्चमागच्या खोलीत बसून मी ज्येष्ठांचे पासपोर्टचे अर्ज भरून देतो, त्यावरून सांगतो.

एका मावशींचे कागद टेबलावर मांडले. मराठी शाळेच्या दाखल्यावर नावापुढे ‘बाई’, कन्नडमधल्या रेशनकार्डावर त्याच नावाला ‘अव्वा’, आधारवर नुसतं नाव आणि आडनावाची जागा रिकामी. बाई एकच, कागदांवर तिघी! आपल्या सीमाभागात असं घरोघरी आहे, त्यात कुणाची चूक काढण्यात अर्थ नाही. पण पासपोर्टच्या खिडकीवर ते चालत नाही. म्हणून आधी सगळ्या कागदांवरचं इंग्रजी स्पेलिंग एक करून घ्या, मगच अर्ज भरा. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, तेव्हा दुरुस्तीच्या पावतीवरचं अक्षर न् अक्षर वाचूनच केंद्रातून उठा.

आडनावाचा रकाना कोरा ठेवू नका. दुबई किंवा अबुधाबीत दोन दिवस थांबण्याचा बेत असेल, तर पासपोर्टवर एकच शब्द असलेल्या प्रवाशाला संयुक्त अरब अमिरातीत पर्यटक म्हणून प्रवेश मिळत नाही.

आता जन्माचा पुरावा. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळांना जन्म प्रमाणपत्रच लागतं. त्याआधी जन्मलेल्यांना शाळा सोडल्याचा दाखला, पॅनकार्ड, वाहन परवाना, मतदार ओळखपत्र किंवा विमा पॉलिसीचा बाँड यांतलं एक चालतं. बाप्तिस्म्याचा दाखला पुष्कळ जण मोठ्या विश्वासाने पुढे करतात, पण तो या यादीत नाही. पाळकसाहेबांची सही आणि चर्चचा शिक्का असला तरी नाही.

१९५६ पूर्वी जन्मलेल्यांची आणखी एक गंमत. जुन्या कागदांवर ‘मुंबई राज्य, बेळगाव जिल्हा’ असतं. अर्जातल्या यादीत मुंबई राज्य सापडणार नाही, कर्नाटकच निवडायचं. शहराचं अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी झालं, म्हणून जुन्या दाखल्यावर बेळगाव दिसलं तर घाबरू नका.

लग्नानंतरचं नाव लावलंच पाहिजे अशी सक्ती नाही. माहेरचं नाव सगळीकडे सारखं असेल तर तेच राहू द्या, निम्मा त्रास वाचतो. सासरचं लावायचं असेल तर विवाहाचा दाखला किंवा पती-पत्नीचं संयुक्त घोषणापत्र जोडा.

अर्ज पासपोर्ट सेवा पोर्टलवर भरायचा. छत्तीस पानी, दहा वर्षांच्या पासपोर्टचं शुल्क १,५०० रुपये, साठीपुढच्यांना नव्या अर्जात दहा टक्के सूट. भरलेले पैसे वर्षभर चालतात आणि तेवढ्यात तीनदा भेटीची वेळ घेता येते. बेळगावच्या मुख्य टपाल कार्यालयातल्या पासपोर्ट केंद्रात काम होतं, तिथं तारीख लांबची मिळाली तर हुबळीचं केंद्र आहे. मूळ कागद आणि सही केलेल्या झेरॉक्स, दोन्ही न्या. पत्त्यासाठी आधार, वीजबिल किंवा चालू खात्याचं बँक पासबुक चालतं. पुढं ठाण्यातून पोलीस पडताळणीला येतात. त्याचे वेगळे पैसे द्यायचे नसतात, चहा मात्र आपल्या खुशीचा.

व्हिसासाठी प्रवासाच्या तारखेपासून पासपोर्टला किमान सहा महिने मुदत हवी. इस्रायलने भारतीयांसाठी जानेवारी २०२५ पासून ई-व्हिसा सुरू केला आहे. गटातून जाताना हे काम बहुधा टूरवालाच करतो, पण फोटो, जाण्यायेण्याचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग, बँक स्टेटमेंट आणि प्रवास विमा आपल्याकडूनच मागतो. परदेशी सहलीच्या पॅकेजवर टीसीएस, म्हणजे टूरवाल्याने आगाऊ घेतलेला आयकर, कापला जातो, म्हणून पॅनकार्ड द्या आणि पावती जपून ठेवा. आयकर विवरणपत्र भरताना ती रक्कम हिशेबात धरली जाते. अनेक गट आधी जॉर्डनला उतरून जॉर्डन नदीवरच्या ॲलनबी पुलाने पलीकडे जातात. तुमचा कार्यक्रम तसा असेल तर जॉर्डनचा व्हिसा कुठं आणि कधी मिळणार, हे टूरवाल्याकडून लिहूनच घ्या. त्या पुलावर तो ऐनवेळी मिळत नाही. ऑक्टोबर २०२३ पासून त्या भागाची परिस्थिती वारंवार बदलते आहे. आगाऊ रक्कम देण्यापूर्वी परराष्ट्र मंत्रालयाची सूचना वाचा आणि सहल रद्द झाली तर किती पैसे परत, ते करारात पाहा.

सरकारी मदतीबद्दल दर आठवड्याला कुणीतरी विचारतं. तमिळनाडू आणि आंध्र प्रदेशने जेरुसलेम यात्रेला अनुदान दिलं आहे, पण ते तिथल्या रहिवाशांना. महाराष्ट्राची मुख्यमंत्री तीर्थदर्शन योजना सर्व धर्मांच्या ज्येष्ठांसाठी आहे: वय ६० किंवा जास्त, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत, मदत माणशी ३० हजारांपर्यंत, तीही देशातल्याच तीर्थांना. अट महाराष्ट्राच्या रहिवासाची आहे. चंदगडच्या मेहुण्याला ती मिळू शकते, तुम्हाला नाही. सीमाभागातल्या ८६५ गावांना महाराष्ट्राची आरोग्य योजना लागू झाली, म्हणून हीही होईल असं धरून कागद गोळा करत बसू नका.

आणि शेवटच्या टप्प्यावरचं एक. इस्रायलमध्ये शिरताना पासपोर्टवर शिक्का मारत नाहीत, छोटी निळी चिठ्ठी हातात देतात. ती पासपोर्टमध्येच ठेवा आणि परतीच्या विमानापर्यंत सांभाळा. हॉटेलवाले तीच मागतात, आणि बेथलेहेमहून परततानाच्या तपासणीतही ती जवळ असावी. बायबलमध्ये खूण म्हणून घालून ते बसमध्ये विसरायचं नाही.