बाळंतिणीची झोप उडते तेव्हा

नागपुरात डागा रुग्णालयातून किंवा मेडिकलमधून (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातून) बाळंतीण घरी येते, तेव्हा सव्वा महिन्याची बहुतेक तयारी झालेली असते. शेक, मालिश, डिंकाचे लाडू, बाळाची आंघोळ, सगळ्याची जबाबदारी कुणीतरी घेतलेली असते. बाळ झोपले तरी बाळंतीण झोपत नाही, आणि रात्रभर जागूनही ती थकलेली दिसत नाही, ही गोष्ट मात्र घरात क्वचितच कुणी गंभीरपणे घेते.

बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून रडू येणे, चिडचिड होणे हे निम्म्याहून अधिक स्त्रियांना होते. त्याला बेबी ब्लूज म्हणतात आणि ते दोन आठवड्यांच्या आत आपोआप ओसरते. ते ओसरले नाही, उदासी टिकली, बाळाविषयी काही वाटेनासे झाले, तर ते प्रसूतीपश्चात नैराश्य असू शकते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यात त्याचे प्रमाण सुमारे २२ टक्के आढळले होते. त्यावर समुपदेशन आणि औषधे दोन्ही उपयोगी पडतात.

प्रसूतीपश्चात सायकोसिस, म्हणजे वास्तवाचे भान सुटणे, हा यांपेक्षा वेगळा आणि बराच दुर्मीळ आजार आहे. दर १००० बाळंतपणांमागे साधारण १ ते २ स्त्रियांना तो होतो आणि बहुतेकदा पहिल्या दोन आठवड्यांतच, कधी दोन-तीन दिवसांत, तो एकदम उफाळतो. आधी झोप जाते. मग बोलणे वाढते, विचार भरकटतात, कुणीतरी बाळ बदलले आहे किंवा घरचेच आपल्या जिवावर उठले आहेत अशी पक्की समजूत होते, आवाज ऐकू येतात. तासाभराने ती पुन्हा अगदी नीट बोलू लागते, आणि या चढउतारामुळेच घरचे फसतात. ‘बाहेरचं लागलं’ म्हणून मांत्रिकाकडे नेण्यात जे दिवस जातात, ते आई आणि बाळ दोघांच्याही जिवासाठी धोक्याचे असतात.

प्रसूतीनंतर इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही संप्रेरके काही दिवसांतच झपाट्याने उतरतात. हे प्रत्येक बाळंतिणीत घडते. परंतु काहींचा मेंदू या उताराला आणि जागरणाला अधिक संवेदनशील असतो, असे दिसते. बायपोलर आजार (कधी अतिउत्साह, कधी खोल उदासी) असलेल्या किंवा आधीच्या बाळंतपणात हाच त्रास झालेल्या स्त्रियांना सर्वाधिक धोका असतो. तरीही सुमारे निम्म्या रुग्णांना पूर्वी कोणताही मानसिक आजार झालेला नसतो, त्यामुळे ‘आमच्याकडे असं कुणालाच नाही’ या दिलाशावर विसंबून राहू नये.

एक भेद मला फार महत्त्वाचा वाटतो. काही आयांच्या मनात बाळाला इजा करण्याचे नकोसे विचार वारंवार येतात, त्या विचारांनी त्या स्वतःच हादरतात आणि भीतीपोटी बाळाजवळ जायचेही टाळतात. हा बहुधा मंत्रचळाचा (ओसीडीचा) प्रकार असतो. अशी आई विचार कृतीत आणण्याची शक्यता फारच कमी असते, आणि तिने धीर करून सांगितले तर तिला दोष देणे क्रूरपणाचे ठरेल. सायकोसिसमध्ये मात्र विचार खराच वाटतो, त्याची भीती उरत नाही. म्हणून तिथे तिला आणि बाळाला एकटे ठेवता कामा नये.

अशा वेळी त्याच दिवशी मेडिकल किंवा मेयोसारख्या मोठ्या रुग्णालयाचा आपत्कालीन विभाग गाठावा. जंतुसंसर्ग, थायरॉइडचा बिघाड, मेंदूतील शिरेत रक्ताची गुठळी यांमुळेही अशीच लक्षणे दिसू शकतात, त्यामुळे शारीरिक तपासण्या आधी होतात. सायकोसिसविरोधी औषधे, मनःस्थिती स्थिर ठेवणारे लिथियम आणि गरज पडल्यास विद्युत उपचार (ईसीटी) यांनी बहुतेक स्त्रिया काही आठवड्यांपासून काही महिन्यांत पूर्ण बऱ्या होतात. स्तनपान चालू ठेवायचे की नाही, हे औषध पाहून डॉक्टर ठरवतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ नुसार दाखल झालेल्या आईपासून तीन वर्षांखालील मूल सामान्यतः वेगळे करता येत नाही. बाळाला धोका असेल तरच तात्पुरते वेगळे ठेवता येते. फोनवर सल्ल्यासाठी टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो.

एकदा हा आजार होऊन गेलेल्या स्त्रीला पुढच्या बाळंतपणात तो पुन्हा होण्याची शक्यता तीनातून एक किंवा त्याहून अधिक असते. म्हणून दिवस राहण्याआधीच मनोविकारतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ या दोघांना ही माहिती द्यावी, प्रसूतीनंतर लगेच प्रतिबंधक औषध सुरू करायचे का हे ठरवून घ्यावे आणि पहिल्या आठवड्यांत रात्री बाळाला कोण सांभाळणार, हेही घरात आधीच ठरवावे.