वासरांवरचा आळ आणि जनुकांची साक्ष

1993 साली अमेरिकेतील मिलवॉकी शहरात पिण्याच्या पाण्यातून क्रिप्टोस्पोरिडियम हा एकपेशीय परजीवी पसरला आणि अंदाजे 4 लाख लोकांना जुलाबाने गाठले. संशय साहजिकच परिसरातील गुरांवर गेला. कारण नवजात वासरांच्या हगवणीमागे बरेचदा हाच परजीवी असतो, आणि रुग्णाच्या विष्ठेतील ऊसिस्ट, म्हणजे क्लोरीनलाही दाद न देणारा, कवचबंद, जेमतेम 5 मायक्रॉनचा कण, सूक्ष्मदर्शकाखाली शेणातल्या ऊसिस्टसारखाच दिसतो. जपून ठेवलेल्या नमुन्यांची पुढे जनुकीय तपासणी झाली, तेव्हा मात्र प्रामुख्याने माणसांत आढळणारा प्रकार निघाला. 2002 पासून तो क्रिप्टोस्पोरिडियम होमिनिस ही स्वतंत्र जाती मानला जातो; माणूस आणि वासरू दोघांनाही बाधणारी जाती पार्व्हम.

या दोन जातींच्या जनुकसंचांत, म्हणजे संपूर्ण डीएनएत, प्रत्येकी सुमारे 90 लाख अक्षरजोड्या (ए-टी, सी-जी अशा रासायनिक घटकांच्या जोड्या) असून त्यांतील फरक अवघा 3 ते 5 टक्के आहे.

शिवाय पार्व्हम तरी एकजिनसी कुठे आहे? तिचे उपप्रकार ओळखण्यासाठी बहुधा जीपी60 हे जनुक वाचतात. आतड्याच्या पेशीला चिकटताना उपयोगी पडणारी प्रथिने या जनुकापासून बनतात आणि त्याच्या एका भागात टीसीए, टीसीजी अशी त्र्यक्षरे ओळीने येतात. उपप्रकाराच्या नावातील ‘ए15जी2’ याचा अर्थ टीसीए 15 वेळा आणि टीसीजी 2 वेळा, इतका सरळ आहे. ‘टू-ए’ कुळातील उपप्रकार वासरांत आणि माणसांतही सापडतात, तर ‘टू-सी’ कुळ मुख्यतः माणसांपुरते राहते. तेव्हा केवळ ‘पार्व्हम सापडला’ एवढ्यावरून गोठ्याकडे बोट दाखवणे घाईचे ठरते. जिआर्डिया या जुलाब घडवणाऱ्या दुसऱ्या एकपेशीय परजीवीचेही तसेच आहे: त्याचा ‘ई’ गट प्रामुख्याने खुरांच्या जनावरांत, तर ‘ए’ आणि ‘बी’ हे गट माणसांसह अनेक सस्तन प्राण्यांत आढळतात.

मात्र एकट्या जीपी60 वर विसंबणेही धोक्याचे, असे माझे मत आहे. क्रिप्टोस्पोरिडियमचे लैंगिक प्रजनन यजमानाच्या आतड्यातच होते. एकाच वासराला दोन उपप्रकारांची लागण झाली, तर त्यांच्या जनुकांची सरमिसळ होऊन जीपी60 एकाचे आणि उरलेला बराच जनुकसंच दुसऱ्याचा, अशी संतती निपजू शकते. म्हणून आता अनेक जनुके, किंवा शक्य तेथे संपूर्ण जनुकसंच, वाचण्याकडे कल आहे. पाण्याच्या नमुन्यात ते विशेष अवघड जाते, कारण कित्येक लिटर पाणी गाळूनही हाती मोजकेच ऊसिस्ट लागतात आणि तेही अनेकदा वेगवेगळ्या जातींचे असतात.