ॲरिझोना कार्डिनल्स
ॲरिझोना कार्डिनल्स : अमेरिकेच्या नॅशनल फुटबॉल लीगमधील (एनएफएल) अमेरिकन फुटबॉलचा एक व्यावसायिक संघ. ॲरिझोना राज्यातील फीनिक्स महानगर परिसरात त्याचे ठाणे असून घरचे सामने ग्लेनडेल येथे होतात. शिकागो (१९५९ पर्यंत), सेंट लुइस (१९६०–८७) आणि ॲरिझोना (१९८८ पासून) अशी या संघाची तीन स्थित्यंतरे झाली. १९२० मध्ये लीग स्थापन करणाऱ्या संघांपैकी आज दोनच उरले आहेत, कार्डिनल्स आणि शिकागो बेअर्स. त्यांत कार्डिनल्स वयाने मोठा.

स्थापना : संघाच्या स्थापनेचे वर्ष सामान्यतः १८९८ दिले जाते. काही अभ्यासक ते १८९९ धरतात. शिकागोच्या दक्षिण भागातील रंगकामाचे कंत्राटदार क्रिस ओब्रायन यांनी शेजारपाजारच्या तरुणांना जमवून ‘मॉर्गन ॲथलेटिक क्लब’ या नावाने हौशी संघ उभा केला. पुढे रसीन अव्हेन्यूजवळच्या नॉर्मल पार्क मैदानावर सामने होऊ लागले, तसे ‘रसीन नॉर्मल्स’ हे नाव रूढ झाले. शिकागो विद्यापीठाच्या संघाचे वापरलेले, विटलेल्या तपकिरी लाल रंगाचे अंगरखे ओब्रायन यांनी १९०१ च्या सुमारास विकत घेतले. रंगाची थट्टा होताच ‘हा कार्डिनल लाल आहे’ असे त्यांनी उत्तर दिले आणि त्यावरून आजचे नाव पडले, असे सांगितले जाते. ही कथा सर्वत्र उद्धृत होते. तिचा तपशील पडताळता येण्याजोगा नसला, तरी ती नाकारण्यासही सबळ कारण दिसत नाही.

खरा प्रश्न सातत्याचा आहे. तोडीचे प्रतिस्पर्धी मिळेनात म्हणून १९०६ मध्ये संघ विसर्जित झाला. ओब्रायन यांनी १९१३ मध्ये तो पुन्हा बांधला. १९१७ मध्ये त्याने शिकागोतील स्थानिक लीगचे विजेतेपद मिळवले, तर १९१८ मध्ये महायुद्ध व इन्फ्लूएंझाची साथ यांमुळे खेळ पुन्हा थांबला. १९०६ पूर्वीचा आणि १९१३ नंतरचा संघ एकच मानला, तर कार्डिनल्स हा अमेरिकेतील अखंड परंपरा सांगणारा सर्वांत जुना व्यावसायिक फुटबॉल संघ ठरतो. दोन्ही वेळा चालक आणि वस्ती तीच होती, ही बाब या मताला बळ देते. तथापि ‘अखंड’ हा शब्द सैल अर्थानेच घ्यावा लागेल. सलग व्यावसायिक खेळ हा निकष लावल्यास, १९१८ चा खंड सोडला तर, १९१३ हे वर्ष अधिक ग्राह्य वाटते.

१७ सप्टेंबर १९२० रोजी ओहायोतील कँटन येथे, राल्फ हे यांच्या मोटारींच्या दालनात लीगची स्थापना झाली. त्या बैठकीच्या इतिवृत्तात संघाचे गाव शिकागोऐवजी विस्कॉन्सिनमधील रसीन असे नोंदले गेले. ही लेखनिकाची चूक असावी, कारण संघाच्या नावातील रसीन हा रस्ता होता. १९२२ मध्ये खुद्द रसीन गावचा संघ लीगमध्ये आल्यावर घोटाळा टाळण्यासाठी ‘शिकागो कार्डिनल्स’ हे नाव पक्के झाले. आरंभीच्या काळातील संघाचा आधारस्तंभ म्हणजे पॅडी ड्रिस्कॉल. सामन्यामागे ३०० डॉलर हे त्याचे मानधन त्या काळी मोठे होते. १९२० मध्ये शिकागो टायगर्सशी झालेला सामना ‘हरेल त्याने शहर सोडावे’ या पैजेवर खेळला गेला, ही आख्यायिका मात्र संशयास्पद आहे. सामना ड्रिस्कॉलच्या टचडाउनने (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या क्षेत्रात नेऊन मिळवलेले सहा गुण) जिंकला आणि टायगर्स त्या हंगामानंतर बंद पडला, एवढेच निश्चित.

१९२५ च्या विजेतेपदाचा वाद : त्या काळी अंतिम सामना नसे. बरोबरीचे सामने वगळून विजयांचे प्रमाण काढत आणि ते ज्याचे सर्वाधिक, तो विजेता ठरे. सामने ठरवण्याची मुभा संघांनाच होती. ६ डिसेंबर १९२५ रोजी कोमिस्की पार्क मैदानावर पेनसिल्व्हेनियातील कोळसा खाणींच्या प्रदेशातून आलेल्या पॉट्सव्हिल मरून्सने कार्डिनल्सला २१–७ असे हरवले. त्यामुळे पॉट्सव्हिलचे १० विजय व २ पराभव (०·८३३), तर कार्डिनल्सचे ९ विजय व २ पराभव (०·८१८) झाले. वृत्तपत्रांनी पॉट्सव्हिलला विजेते म्हटले.

हंगाम मात्र औपचारिकरीत्या संपलेला नव्हता. ओब्रायन यांनी घाईने दोन सामने ठरवले. बेअर्सचा लोकप्रिय खेळाडू रेड ग्रेंज याच्यामुळे होणाऱ्या गर्दीकडे त्यांची नजर होती आणि आपले स्थान सुधारून बेअर्सशी आणखी एक किफायतशीर सामना मिळवावा हा हेतू होता, असे बहुतेक अभ्यासक मानतात. १० डिसेंबरला मिलवॉकी बॅजर्सवर ५९–० आणि १२ डिसेंबरला हॅमंड प्रोजवर १३–० असे विजय मिळाले. प्रमाण ०·८४६ झाले. मिलवॉकीच्या संघात शिकागोच्या एंगलवूड हायस्कूलची चार मुले खेळल्याचे पुढे उघड झाले. त्यांना आणणारा कार्डिनल्सचा आर्ट फोल्झ याच्यावर आजन्म बंदी आली (ती नंतर उठवली गेली), तर मिलवॉकीच्या मालकाला संघ विकण्याचा आदेश मिळाला.

त्याच १२ डिसेंबरला पॉट्सव्हिलने फिलाडेल्फियात नोत्र दाम विद्यापीठाच्या माजी खेळाडूंचा ९–७ असा पराभव केला. हे शहर फ्रँकफर्ड यलो जॅकेट्सच्या राखीव क्षेत्रात येत असल्याने लीगचे अध्यक्ष जो कार यांनी सामन्याला मनाई केली होती. आपल्याला लीगच्या कार्यालयातून दूरध्वनीवर परवानगी मिळाली होती, असे पॉट्सव्हिलचे म्हणणे. कार यांनी संघाला निलंबित केले. ओब्रायन यांनी विजेतेपद स्वीकारण्यास नकार दिल्याचे सांगितले जाते. १९३० च्या दशकात मालकी बिडविल कुटुंबाकडे गेल्यावर मात्र संघ त्यावर हक्क सांगू लागला.

वादाचे मर्म नियमांइतकेच आकडेमोडीत आहे. मिलवॉकीचा सामना नोंदीतून वगळण्याचे कार यांनी जाहीर केले होते; प्रत्यक्षात तो आजही अधिकृत आकडेवारीत आहे. तो काढला तर दोन्ही संघ ०·८३३ वर बरोबरीत येतात. दोन्ही सामने काढले तर पॉट्सव्हिल पुढे जातो. कार्डिनल्सचा दावा त्यामुळे मैदानावरील सरशीपेक्षा पॉट्सव्हिलच्या निलंबनावरच अधिक विसंबून आहे, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होईल. लीगने १९६३ आणि २००३ मध्ये प्रकरण विचारात घेऊन पॉट्सव्हिलची मागणी फेटाळली. २००३ मध्ये पेनसिल्व्हेनियातील दोन संघ, स्टीलर्स व ईगल्स, तेवढे पॉट्सव्हिलच्या बाजूने होते. पॉट्सव्हिलच्या खेळाडूंनी स्वतःच दगडी कोळशातून घडवून घेतलेला चषक कँटनच्या हॉल ऑफ फेममध्ये (या खेळातील थोरांच्या गौरवदालनात) आहे.

शिकागोतील उत्तरकाळ : २८ नोव्हेंबर १९२९ रोजी अर्नी नेव्हर्सने बेअर्सविरुद्ध सहा टचडाउन व चार जादा गुण असे ४० गुण एकट्याने मिळवले, सामना ४०–६ असा सुटला. एका सामन्यातील वैयक्तिक गुणांचा हा लीगविक्रम अबाधित आहे. १९२६ ते १९३१ या काळात खेळलेला ड्यूक स्लेटर हा कृष्णवर्णीय टॅकल (आघाडीच्या फळीतील खेळाडू) त्या पिढीतील श्रेष्ठ खेळाडूंपैकी एक. हॉल ऑफ फेममध्ये त्याची निवड २०२० मध्ये झाली. दुसरा कृष्णवर्णीय खेळाडू जो लिलार्ड १९३३ नंतर संघाबाहेर गेला आणि लीगने कृष्णवर्णीयांना १९४६ पर्यंत दार बंद ठेवले.

युद्धकाळात खेळाडूंच्या टंचाईमुळे १९४४ चा हंगाम पिट्सबर्ग स्टीलर्सशी जोडसंघ करून काढावा लागला. दहाही सामने गमावलेल्या या ‘कार्ड-पिट’ला चेष्टेने ‘कार्पेट्स’, म्हणजे कोणीही तुडवावे असे गालिचे, म्हणत. मालक चार्ल्स बिडविल यांनी पुढे क्रिसमन, हार्डर, अँग्समन व ट्रिप्पी अशी आक्रमक फळी जमवली. तिचे यश पाहण्यापूर्वीच, एप्रिल १९४७ मध्ये, त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी २८ डिसेंबरला गोठलेल्या मैदानावर फिलाडेल्फिया ईगल्सला २८–२१ असे नमवून संघाने विजेतेपद मिळवले. त्यानंतर एकही मिळालेले नाही.

सेंट लुइस व ॲरिझोना : बेअर्सशी स्पर्धा परवडेना म्हणून १९६० मध्ये संघ सेंट लुइसला गेला. तेथील बेसबॉल संघही कार्डिनल्सच. या काळात लॅरी विल्सन, रॉजर वेहर्ली, डॅन डिअरडॉर्फ, जॅकी स्मिथ असे थोर खेळाडू संघात होते. विल्सनने दोन्ही हातांना प्लास्टर असताना चेंडू अडवून झेलल्याची नोंद आहे. डॉन कोरिएल यांच्या मार्गदर्शनाखाली १९७४ व १९७५ मध्ये गटविजेतेपदे मिळाली. मात्र सेंट लुइसमध्ये बाद फेरीचा एकही सामना भरला नाही.

१९८८ मध्ये संघ ॲरिझोनात आला. १९९४ पासून आजचे नाव आहे. पॅट टिलमन हा बचावपटू २००२ मध्ये खेळ सोडून सैन्यात गेला आणि २००४ मध्ये अफगाणिस्तानात स्वपक्षाच्याच गोळीबारात मारला गेला. त्याचा ४० हा क्रमांक संघाने निवृत्त केला. ग्लेनडेलच्या क्रीडागारात (२००६) हिरवळीचे मैदान रुळांवरून बाहेर उन्हात नेता येते. २००८ च्या हंगामात साखळीत जेमतेम ९ विजय मिळवूनही कर्ट वॉर्नर व लॅरी फिट्झजेराल्ड यांच्या जोरावर संघ प्रथमच सुपर बोलमध्ये (लीगच्या अंतिम सामन्यात) पोहोचला आणि १ फेब्रुवारी २००९ रोजी टॅम्पा येथे स्टीलर्सकडून २७–२३ असा हरला. विजयी टचडाउन झाला तेव्हा ३५ सेकंद उरले होते. १७ हंगाम याच संघात काढणाऱ्या फिट्झजेराल्डच्या नावावर १,४३२ झेल व त्यांवर मिळवलेले १७,४९२ यार्ड अंतर आहे. निवृत्तीच्या वेळी या दोन्ही बाबींत त्याच्यापुढे केवळ जेरी राइस होता.