"रोप कोणाकडे?" : आमच्या क्लबमधल्या बातम्या आणि किस्से कुठून आले

आमचा मुंबईतला गिर्यारोहण क्लब. क्लाइंबला निघताना स्टेशनवर इंडिकेटरखाली सगळे जमले की आमच्याकडे पहिला प्रश्न "रोप (म्हणजे चढाईचा दोर) कोणाकडे?" हाच असतो. नवीन पोरं हसतात, मग त्यांना किस्सा सांगतात. एकदा माहुलीला जायला आम्ही आसनगावला उतरलो आणि लोकलच्या रॅकवरचा रोप गेला पुढे कसाऱ्याला! दिवसभर वजीर सुळका खालूनच बघितला.

किस्से सांगायची ही सवय आजची नाही. हिमालयन क्लब १९२८ चा, आता त्याचं मुख्यालय मुंबईत आहे, आणि १९५४ मध्ये इथे गिरिविहार हा गिर्यारोहण क्लब सुरू झाला. तेव्हा हार्नेस (कमरेला-मांड्यांना बांधायचा पट्टा) वगैरे कुठून असणार, रोप सरळ कमरेला बांधायचा, बोलाइन गाठ मारायची आणि कातळाला लागायचं. शिकायचं ते सीनियरकडून, तेही तोंडी. आमच्या जुन्या लोकांकडे सायक्लोस्टाइल केलेली पत्रकं असायची, त्यात कुठल्या कड्यावर आग्यामोहोळ लागलंय, कुठला पिटॉन (कातळात ठोकलेला खिळा) हलतोय, घसारा (सुटी दगड-माती) कुठे वाढलाय असं सगळं आणि शेवटी कोणाची तरी फजिती. मला तर वाटतं सगळ्यात कामाचा भाग ती फजितीच, कारण सूचना लोक विसरतात पण कोणाचं हार्नेसचं बकल अर्धंच लावलेलं होतं आणि खाली रोप धरणाऱ्या बीलेवाल्याला ते कसं दिसलं हे कोणी विसरत नाही. आजही वर चढायच्या आधी एकमेकांचं बकल बघतात ते त्या किस्स्यामुळेच.

आता केव्हिंगचं, म्हणजे गुहांमध्ये शिरायचं. लोक विचारतात, मुंबईचे क्लब कडे चढतात, मग गुहांमध्ये का नाही जात? कारण आपला दगड. सह्याद्री बेसॉल्टचा, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, आणि पाण्यात विरघळून मैलोन्‌मैल बोगदे होतात ते चुनखडीत. आपल्याकडच्या मोठ्या गुहा माणसांनी कोरलेल्या. एकट्या कान्हेरीत शंभरावर लेणी आहेत, पाणी साठवायच्या पोढ्यांसकट! खरं केव्हिंग बघायचं तर मेघालय. तिथे १९९२ पासून देशी-परदेशी केव्हर्स मिळून गुहा मोजतायत, क्रेम लियाट प्राह ३० किलोमीटरपेक्षा लांब भरलीय (क्रेम म्हणजे खासीत गुहा). तिकडे जाऊन आलेला माणूस चिखल, अंधार आणि गळ्यापर्यंतच्या पाण्याचे किस्से घेऊन येतो, त्यामुळे आमच्या बातम्यांमध्ये केव्हिंग पाहुण्यासारखं येतं पण मान मोठा असतो.

बोल्डरिंग (ठेंगण्या कातळांवरची चढाई) मात्र घरचंच. मुंब्रा, बेलापूर, लोकलने जा आणि संध्याकाळी घरी. गिरिविहारने बेलापूरच्या कातळावर वर्षानुवर्षं स्पर्धा घेतल्या आणि त्यातूनच २०१६ आणि २०१७ ला बोल्डरिंगचा वर्ल्ड कप नवी मुंबईत आला, भारतात पहिल्यांदा. मला अजून त्याचा फार अभिमान वाटतो.

परवाच्या रविवारी बेलापूरला निघालो तर बारावीतली एक मुलगी आमच्या सगळ्यांच्या आधी ओरडली, "रोप कोणाकडे?" तिला तो किस्सा अजून कोणी सांगितलाच नव्हता. मग लोकलमध्ये जागा मिळाल्यावर सांगितला.