पस्तिशीची अट : हवाई सुंदरींच्या वयाचा जुना वाद

पांढरे केस रंगवायचे की तसेच ठेवायचे, यावर हल्ली बायका मोकळेपणाने बोलतात. २०२०च्या टाळेबंदीत पार्लर बंद होती, तेव्हा अनेकींनी रंग सोडला तो सोडलाच. या बोलण्याचा शेवट बहुतेक वेळा ‘ज्याची त्याची आवड’ असा होतो. पण आपल्याकडे एक नोकरी अशी होती, जिथे बाईचे वय किती दिसते हा सेवानियमांचा, कोर्टाचा आणि पगाराचा प्रश्न होता. ती एअर इंडियातली हवाई सुंदरीची नोकरी. कंपनीचे मुख्यालय मुंबईत होते आणि या नोकरीवरून झालेले बरेच कज्जे मुंबईतूनच सुरू झाले.

विमानात बायका कामाला लागल्या त्या १९३० साली अमेरिकेत, आणि पहिल्या तुकडीत प्रशिक्षित नर्सेस होत्या. प्रवासी घाबरत, आजारी पडत. परिचारिका हवी हा विचार सरळ होता. पुढे विमाने मोठी झाली, प्रवास सवयीचा झाला आणि कंपन्यांना जाहिरातीसाठी चेहरा हवासा वाटू लागला. १९५०च्या दशकात तिथल्या कंपन्यांनी बत्तीस-पस्तिसाव्या वर्षी नोकरी संपवण्याचे नियम केले. १९६०च्या दशकाअखेर तिथे ते बेकायदा ठरू लागले. आपल्याकडे मात्र तेव्हा त्यांचा अंमल जोरात होता.

१९५३ साली हवाई वाहतुकीचे राष्ट्रीयीकरण झाले. त्यामुळे पुढचा सगळा वाद एका सरकारी महामंडळाशी झाला. एअर इंडियाच्या सेवानियमांत साधारण कर्मचारी अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होई. हवाई सुंदरीसाठी तीन वेगळ्या रेषा होत्या : वयाची ३५ वर्षे, नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न, किंवा पहिले गरोदरपण. यांतले जे आधी येईल तेव्हा नोकरी संपली. पस्तिशीनंतर वैद्यकीय तपासणीत पास झाली, तर व्यवस्थापकीय संचालक एकेका वर्षाची मुदतवाढ देऊ शकत, जास्तीत जास्त पंचेचाळीसपर्यंत. देऊ शकत, दिलीच पाहिजे असे नव्हते. त्याच विमानात, त्याच गल्लीतून तोच ट्रे घेऊन फिरणारा पुरुष सहकारी अठ्ठावन्नपर्यंत निर्धास्त होता. त्याचे टक्कल, त्याचे पोट याबद्दल निवृत्तीच्या नियमात एक अक्षर नव्हते.

या नियमांविरुद्धची याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली आणि ऑगस्ट १९८१मध्ये निकाल लागला. कायद्याच्या वर्गात तो आजही शिकवतात, बहुतेक वेळा ‘गरोदरपणाची अट रद्द करणारा निकाल’ म्हणून. ते खरे आहे, पण अर्धेच. वयाचे आणि दिसण्याचे काय झाले हे पाहिले तर तो बराच गुंतागुंतीचा आहे.

महामंडळाचा एक युक्तिवाद असा होता की तरुण, आकर्षक मुली प्रवाशांच्या अवघड प्रसंगांतून अधिक सफाईने वाट काढतात. न्यायालयाने तो सडकून फेटाळला. हा स्त्रीत्वाचा उघड अपमान आहे, प्रवाशांच्या नाना रुचींसाठी तरुणींना शोभेच्या वस्तूसारखे ठेवता येणार नाही, आणि अनुभवी, वयाने मोठी बाई प्रवाशांची काळजी अधिक चांगली घेईल, असे निकालात स्पष्ट लिहिले आहे. हा भाग वाचताना वाटते की आता पस्तिशीची अट गेलीच.

ती गेली नाही. हवाई सुंदरी आणि पुरुष पर्सर (विमानात प्रवाशांची सेवा करणारे पुरुष कर्मचारी) हे दोन वेगळे संवर्ग, म्हणजे नोकरीचे वेगळे गट आहेत, त्यांची भरती वेगळी, बढतीची वाट वेगळी. म्हणून त्यांची तुलनाच होत नाही आणि भेदभावाचा प्रश्न येत नाही, असे न्यायालयाने धरले. केंद्र सरकारने १९७९ सालीच एका अधिसूचनेने जाहीर करून टाकले होते की या दोघांच्या सेवाशर्तींतला फरक लिंगावर आधारलेला नाही. तीही न्यायालयाला पुरेशी वाटली. पण संवर्ग वेगळे कोणी केले? त्याच महामंडळाने. एकात बायकाच घ्यायच्या, दुसऱ्यात पुरुषच, आणि मग दोन्ही वेगळे आहेत म्हणून नियम वेगळे. या युक्तिवादावर कायद्याच्या अभ्यासकांनी पुढे बरीच टीका केली आहे आणि ती रास्त आहे.

पहिल्या गरोदरपणाला नोकरी जाण्याची अट रद्द झाली. तिच्या जागी तिसऱ्या गरोदरपणाची मर्यादा मात्र न्यायालयाला लोकसंख्येच्या दृष्टीने योग्य वाटली. चार वर्षे लग्न न करण्याची अटही टिकली. एकोणिसाव्या वर्षी लागलेली मुलगी चार वर्षांनी तेवीसची होते, तोवर प्रगल्भ होते, लग्न यशस्वी व्हायची शक्यता वाढते, असे त्याचे समर्थन होते. वडीलधाऱ्यांनी घरात बोलावे तसे हे वाक्य देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाच्या निकालात आहे.

वयाबाबत न्यायालयाने संचालकांचा मर्जीचा अधिकार तेवढा काढला. तपासणीत तंदुरुस्त असेल तर पंचेचाळीसपर्यंत मुदतवाढ मिळालीच पाहिजे, असा त्याचा परिणाम झाला. मर्जी गेली, ही मोठी गोष्ट होती. त्याआधी दर वाढदिवसाला त्या बाईला आपण अजून ‘चालतो’ का, हे वरच्या केबिनमधल्या कोणाच्या तरी मतावर सोडावे लागत होते, आणि ते मत कशावर बनते हे कुठेच लिहिलेले नव्हते. पण पंचेचाळीस आणि अठ्ठावन्न यांच्यातली तेरा वर्षे तशीच राहिली.

ऑक्टोबर १९८९मध्ये सरकारने आदेश काढून हवाई सुंदरींचे निवृत्तीवयही ५८ केले. इथे नवी फट निघाली. नोकरी अठ्ठावन्नपर्यंत, उड्डाण मात्र आधी पंचेचाळीसपर्यंत आणि १९९३पासून पन्नासपर्यंत. त्यानंतर जमिनीवरचे काम. बाहेरच्यांना हे सौम्य वाटेल. आतल्यांना ठाऊक होते की उड्डाण भत्ता आणि परदेशातला भत्ता मिळूनच खरी कमाई होते, आणि काउंटरमागे बसल्यावर ती निम्म्याहून खाली येऊ शकते. इतर नोकऱ्यांत डोळ्यांखाली सुरकुती आली तर वाईट वाटते. इथे ती पगारपत्रकाला लागून होती. अशा ठिकाणी ‘वय स्वीकारा’ हा सल्ला देणाऱ्याचे काहीच जात नाही.

बायकांमध्येही एकमत नव्हते, आणि हे सहसा सांगितले जात नाही. अनेक हवाई सुंदरी ज्या संघटनेत होत्या, ती पन्नाशीला जमिनीवर येण्याच्या तडजोडीच्या बाजूने होती. रात्रीची उड्डाणे, पाठ, गुडघे, घर अशी त्यामागची कारणे समजण्यासारखी होती. वरच्या श्रेणीत पोचलेल्यांना ही तडजोड नको होती. मुंबई उच्च न्यायालयाने २००१मध्ये विरोध करणाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००३मध्ये तो फिरवला आणि पन्नाशीची अट कराराने ठरलेली म्हणून मान्य केली. पुढे सरकारनेच आदेश काढून बायकांना पुरुषांइतकेच उडू दिले. बाई विमानातल्या सेवेची पर्यवेक्षक होऊ शकते का, हा वाद तर नोव्हेंबर २०११पर्यंत चालला. आधी ते पद पुरुषांचेच मानले जाई, म्हणजे पंचवीस वर्षे उडालेल्या बाईने काल बढती मिळालेल्या पुरुषाचे ऐकायचे.

वयाचे आकडे असे एकेक करून पडत गेले, तोवर काटा वजनाकडे सरकला. ज्यादा वजनामुळे जमिनीवर उतरवलेल्या हवाई सुंदरींची याचिका दिल्ली उच्च न्यायालयाने २००८मध्ये फेटाळली आणि पुढच्या वर्षी काहींची नोकरीच गेली. २०१४च्या नियमांत उंची-वजनाच्या गुणोत्तराची सामान्य मर्यादा बायकांसाठी १८ ते २२ आणि पुरुषांसाठी १८ ते २५ ठेवली गेली. कारण सुरक्षेचे दिले होते : आणीबाणीत चपळाई हवी. ती हवीच. पण गुणोत्तर तेवीस झाले की बाईची चपळाई संपते आणि पुरुषाची पंचवीसपर्यंत टिकते, हे कसे, ते नियमात नाही. पाळीनंतर, बाळंतपणानंतर, चाळिशीनंतर बाईचे शरीर बदलते हे डॉक्टरला वेगळे सांगावे लागत नाही. तक्त्यात त्यासाठी जागा नव्हती. २०१५मध्ये सुमारे १२५ कर्मचाऱ्यांना या कारणावरून उड्डाणाऐवजी जमिनीवरचे काम देण्याच्या बातम्या आल्या.

२०२२च्या जानेवारीत एअर इंडिया पुन्हा खासगी हातात गेली. नोव्हेंबर २०२३मध्ये नव्या नीटनेटकेपणाच्या नियमांची बातमी आली : पांढरे केस दिसता कामा नयेत, ते नैसर्गिक छटेत नियमित रंगवावेत, मेंदी चालणार नाही; ज्या पुरुषांचे केस विरळ झालेत त्यांनी डोके तुळतुळीत करावे. पुरुषही यात आले म्हणून समाजमाध्यमांवर थट्टाच जास्त झाली. मेंदीचे कलम मात्र अनेकींना लागले असणार. आपल्या घरांत रसायनाचा रंग नको असलेली बाई रविवारी डोक्याला मेंदीच लावून बसते.

आज कोणत्याही सेवानियमात पस्तीस हा आकडा शोधायला जाणे निरर्थक आहे. नवशिक्यांच्या भरतीच्या जाहिरातींत वय १८ ते २७ असते, आणि अनेक कंपन्या ठरावीक वर्षांच्या करारावर घेतात. करार संपला की तो पुढे चालवायचा की नाही हे कंपनी ठरवते, आणि न चालवण्याचे कारण सहसा लिहून द्यावे लागत नाही. १९८१च्या याचिकेत निदान आव्हान द्यायला एक छापील कलम होते.